बायरडायनॅमिक डीटी 770 प्रो (80 ओहम): भरीव खर्ज आणि थोडी टोकदार तार

स्वस्तातल्या स्टुडिओ हेडफोनवरून एक पायरी वर जायचे ठरवले की, क्लोज्ड-बॅक, म्हणजे कपांची मागची बाजू बंद असलेल्या, प्रकारात फिरून फिरून तीन नावे समोर येतात: 1991 पासून जवळजवळ त्याच रूपात विकला जाणारा सोनीचा एमडीआर-7506, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम50एक्स आणि जर्मनीतील हाइलब्रॉन येथे तयार होणारा बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो. यांतला तिसरा, 80 ओहमचा (ओहम हे हेडफोनच्या विद्युत अवरोधाचे माप), मी घेतला. माझे ऐकणे मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत आणि अभंगांचे आहे. त्यामुळे पुढील मत त्या कानांनी बनलेले आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

मागून उघड्या, ओपन-बॅक हेडफोनचा आवाज अधिक मोकळा असतो हे खरे असले, तरी डोक्यावर पंखा, शेजारच्या खोलीत अभ्यास करणारे मूल आणि स्वयंपाकघरात कुकर अशा घरात तो मोकळेपणा दोन्ही बाजूंना जाचतो, कारण बाहेरचा आवाज आत येतो आणि आतला बाहेर जातो. डीटी 770 बाहेरचा आवाज सुमारे 18 डेसिबलने कमी करतो, असे कंपनी सांगते. प्रत्यक्षात बोलण्याचे आवाज आणि भांड्यांचा खणखणाट चांगलाच मागे जातो, परंतु पंख्याची किंवा बसच्या इंजिनाची खालची घरघर बरीचशी तशीच राहते, कारण कमी कंपनसंख्येचा आवाज नुसत्या गादीने अडत नाही. ज्यांना मुख्यतः प्रवासात ऐकायचे आहे, त्यांनी नॉइज कॅन्सलिंगचा, म्हणजे बाहेरचा आवाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पुसणारा, हेडफोन घ्यावा. हा टेबलापाशी बसून ऐकण्याचा आहे.

या वर्गातल्या बहुतेक हेडफोनच्या गाद्यांवर कृत्रिम चामडे असते आणि आपल्या दमट हवेत त्याचे काय होते, हे निराळे सांगायला नको: दोनेक पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात आणि काळे कण कानामागे, कॉलरवर, उशीवर सापडू लागतात. डीटी 770 च्या करड्या मखमली गाद्यांना हा रोग नाही. त्या कानाला न टेकता कानाभोवती बसतात, घाम धरून ठेवत नाहीत, आणि चष्म्याच्या काडीभोवती कृत्रिम चामड्यापेक्षा नीट दबल्या जात असल्यामुळे तिथल्या फटीतून खर्ज निसटण्याचे प्रमाणही कमी राहते. गाद्या काढून कोमट पाण्यात हाताने धुता येतात आणि झिजल्यावर नव्या विकत मिळतात. केस आणि धूळ मात्र त्या आनंदाने गोळा करतात. वजन, केबल सोडून, सुमारे 270 ग्रॅम आहे. संपूर्ण मैफल ऐकून उठल्यावर मान अवघडलेली नसते.

आता आवाजाकडे. पहिला फरक जाणवतो तो तबल्यात. स्वस्त हेडफोनमध्ये डग्गा म्हणजे नुसती ‘धब्’ असते. इथे मनगट दाबत नेऊन काढलेल्या ‘घे’चा घुमारा कुठे सुरू होतो, कसा चढतो आणि कुठे विरतो, हे विलंबित लयीत स्पष्ट कळते. हा खर्ज थोडा वाढवलेला आहे, तटस्थ नाही, पण तो मुख्यतः अगदी तळाशी असल्याने गायकाच्या आवाजावर चढून बसत नाही. त्याहून मोठा लाभ तानपुऱ्याचा आहे. पूर्वी जी मागे एकसलग गुणगुण वाटत असे, तिच्यात तारा वेगळ्या ऐकू येऊ लागतात, आणि ध्वनिमुद्रण चांगले असेल तर खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार शोधावा लागत नाही. खर्च केलेल्या पैशांपैकी निम्मे माझ्या मते इथेच वसूल होतात.

उरलेल्या निम्म्यांबद्दल वाद होऊ शकतो. डीटी 770 चा 8 किलोहर्ट्झच्या आसपासचा उंचवटा प्रसिद्ध आहे. त्यामुळे ‘स’ आणि ‘श’ टोचतात, अभंगातले टाळ गायकाच्या पुढे येऊन उभे राहतात, आणि सर्वांत मोठी पंचाईत होते ती जुन्या संगीताची. 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर त्या पट्ट्यात संगीत जवळजवळ नसतेच, असते ती सुईची खरखर. हा हेडफोन नेमकी तीच उचलून दाखवतो. अशा ध्वनिमुद्रणांसाठी तोंडमिटका, स्वस्त हेडफोनच अधिक दयाळू ठरतो, हे नव्यावर पैसे घातल्यानंतर मान्य करणे जिवावर येते. उपाय सोपा आहे: ज्या प्लेअरमध्ये पॅरामेट्रिक इक्वलायझर (हवा तो स्वरपट्टा निवडून कमीजास्त करण्याची सोय) आहे, त्यात 8 किलोहर्ट्झपाशी चारपाच डेसिबल उतरवावेत. मी ते कायमचे उतरवून ठेवले आहेत.

ओहम जास्त तितकी त्याच व्होल्टेजवर हेडफोनला मिळणारी शक्ती कमी, म्हणून हा आकडा पाहून अनेकजण दचकतात, पण हिशेब अवघड नाही. एक व्होल्ट देणाऱ्या साध्या डोंगलवर (फोनला हेडफोन जोडण्याच्या छोट्या अडॅप्टरवर) 80 ओहमला साडेबारा मिलिवॉट मिळतात. एका मिलिवॉटला 96 डेसिबल ही कंपनीने दिलेली संवेदनशीलता धरली, तर पातळी 107 डेसिबलपर्यंत पोचते, जी कानाला नको तितकी आहे. हाच डोंगल 250 ओहमच्या आवृत्तीला चारच मिलिवॉट देतो आणि कमाल पातळी 102 डेसिबलवर येते. हळू आवाजात ध्वनिमुद्रित झालेल्या आलापीसाठी ही पाच डेसिबल उपयोगी पडतात, म्हणून वेगळा ॲम्प्लिफायर नसेल तर 80 च घ्यावा.

केबल तीन मीटरची आहे आणि ती निघत नाही. टेबलावर ती पायात येते, खुर्चीच्या चाकाखाली जाते. दहा हजारांच्या वरच्या वस्तूत, आणि तीही व्यावसायिक म्हणवणाऱ्या, हा हट्ट मला पटत नाही. एटीएच-एम50एक्ससोबत बदलता येणाऱ्या तीन केबल मिळतात आणि तो घडी होऊन पिशवीत मावतो, त्यामुळे रोज ने-आण करणाऱ्याने तिकडे वळावे. फोनला जोडून घरातच ऐकणाऱ्यासाठी डीटी 770 ची 32 ओहमची आवृत्तीही आहे, जिची केबल 1.6 मीटर म्हणजे सोयीची आहे; मात्र तिच्यावर मखमलीऐवजी पुन्हा कृत्रिम चामड्याच्याच गाद्या येतात.