नोकरी सोडली: पीएफ काढून घ्यायचा की ट्रान्सफर करायचा?

माझा भाचा हिंजवडीतली नोकरी सोडून चार-पाच महिने परीक्षेच्या अभ्यासाला घरी बसणार आहे. तीन वर्षं नऊ महिने झाले त्याला तिथे. परवा फोनवर विचारत होता, "मामा, पीएफ काढून टाकू की पुढच्या कंपनीत ट्रान्सफर करू?" मी आयुष्यात एकदा काढला आहे आणि एकदा ट्रान्सफर केला आहे. त्याला जे सांगितलं, ते जरा सविस्तर लिहितो.

२०१६ च्या मार्चमध्ये मी पहिली नोकरी सोडली तेव्हा चार वर्षं आठ महिने झाले होते. पुढची नोकरी ऑक्टोबरमध्ये लागली. मधल्या काळात हातात पैसा हवा होता, म्हणून पीएफ काढला. साधारण एक लाख चौऱ्याऐंशी हजार. घरभाडं भागलं, मित्राकडून घेतलेले उसने फेडले. तेव्हा ती रक्कम मोठी वाटली आणि गरज खरी होती, हे नाकारत नाही.

टॅक्सचा फटका अपेक्षित होता. सलग पाच वर्षं पूर्ण होण्याआधी पीएफ काढला की कंपनीचा वाटा आणि त्यावरचं व्याज पगारासारखं करपात्र धरतात. आता रक्कम पन्नास हजार किंवा त्याहून जास्त असेल, तर १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापूनच पैसे हातात येतात. माझे पाच वर्षांना चार महिने कमी पडले. ट्रान्सफर केलं असतं, तर जुनी सेवा नव्या सेवेला जोडून धरली गेली असती आणि पाच वर्षं आपोआप भरली असती. व्याजाचंही तसंच. तेव्हापासून पीएफचा दर ८.१ टक्क्यांच्या खाली गेलेला नाही, म्हणजे ते पैसे तिथेच राहिले असते तर आज चार लाखांच्या घरात असते. पण गरजेच्या वेळी वापरलेल्या पैशाचा असा हिशोब मांडण्यात फारसा अर्थ नाही, असं मला वाटतं. तेवढ्यासाठी मी कुणाला थांबवणार नाही.

मला आजही खुपतं ते वेगळंच.

जुन्या कंपनीतल्या एचआरच्या माणसाने दोन फॉर्म पुढे ठेवले होते, १९ आणि १०सी. सह्या कुठे करायच्या तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. मी पाच ठिकाणी सह्या केल्या आणि चहा पिऊन निघालो. १९ पीएफचा आणि १०सी पेन्शनचा, दोन्ही स्वतंत्र आहेत, एक भरला म्हणून दुसरा भरावाच लागतो असं नाही, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. "एकोणीस-दहासी" हे सगळीकडे जोडशब्दासारखंच वापरतात. कंपनी आपल्या पगाराच्या जे १२ टक्के भरते, त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, तेही १५,००० रुपयांच्या पगारावर, म्हणजे महिना १,२५० रुपये. पासबुकातल्या तिसऱ्या रकान्यातली ही बारीक रक्कम आपण कधी नीट बघत नाही.

ऑक्टोबरमध्ये नव्या ठिकाणी फॉर्म ११ भरताना त्याचा अर्थ कळला. आधी पेन्शन योजनेचे सदस्य होता का? होतो. ती रक्कम काढली का? काढली. मूळ पगार? अठरा हजार. समोरच्या मुलीने शांतपणे सांगितलं, "मग सर, तुमचं पेन्शन आता नाही. पूर्ण रक्कम पीएफमध्येच जाईल." १ सप्टेंबर २०१४ पासूनचा नियम असा की मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० च्या वर असेल, तर नव्याने पेन्शन योजनेत येता येत नाही. आधीचा सदस्य पुढे चालू राहू शकतो. मी मात्र १०सी भरून बाहेर पडलो होतो, त्यामुळे नवा ठरलो. काढलेली रक्कम परत भरून ती वर्षं जोडता येतील का, असं विचारलं. नाही म्हणाले.

यात नुकसान झालं की नाही, यावर मतं वेगळी असू शकतात. माझे दरमहाचे ते १,२५० रुपये आता पीएफमध्ये पडतात आणि त्यावर व्याज मिळतं. पेन्शनचं सूत्र तर सरळ आहे: पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. १५,००० च्या मर्यादेत पाच वर्षांचे महिना १,०७१ रुपये होतात आणि पस्तीस वर्षं काढली तरी ७,५००. त्यातही दहा वर्षं सेवा झाल्याशिवाय आणि ५८ पूर्ण झाल्याशिवाय पूर्ण पेन्शन नाही. नुसता आकडेमोडीने विचार करणारा म्हणेल, पीएफच बरा. त्याचं चुकतंय असं मी म्हणत नाही.

पण आमच्या घरात हे पेन्शन येतं. वडील भोसरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले, त्यांना महिना २,३०० च्या आसपास मिळायचे. ते गेल्यावर आईला त्याच्या निम्मे मिळतात. हयातीच्या दाखल्यासाठी मी दरवर्षी तिला बँकेत नेतो. भांडी घासून, धुणं धुऊन तिच्या बोटांचे ठसे झिजलेत, यंत्र पहिल्यांदा घेत नाही, मग ती पदराने बोट पुसून पुन्हा ठेवते. दाखला लागला की तिथल्या बाकावर बसून पासबुक भरून घेते. महिन्याच्या औषधांना ते पैसे पुरतात, कुणाकडे मागावे लागत नाहीत. आणि नोकरीत असताना सदस्य गेला, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी त्याच्या बायकोला आणि पंचवीस वर्षांखालच्या दोन मुलांना पेन्शन सुरू होतं. हे संरक्षण माझ्या बायकोला नाही. पाच सह्यांनी गेलं.

आता ट्रान्सफरबद्दल. २०२१ मध्ये मी ते केलं आणि तो अनुभव सुखाचा नव्हता. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच टाकली नव्हती. २०२० पासून ती आपली आपल्याला टाकता येते, पण शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबावं लागतं. मग वडिलांचं नाव आधारवर एक आणि कंपनीच्या नोंदीत दुसरं निघालं, 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चा फरक. त्यासाठी संयुक्त घोषणापत्र (नोंदीतली चूक दुरुस्त करायचा अर्ज), कंपनीची मंजुरी, पुन्हा अर्ज. सगळं मिळून तीन महिने गेले. आता बऱ्याच जणांना कंपनीच्या मंजुरीशिवाय ट्रान्सफर करता येतं, फक्त यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खातेक्रमांक, आधारशी जोडलेला हवा. आणखी एक, ट्रान्सफर झाल्यावर पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं आणि लोक घाबरतात. पेन्शनचे पैसे हलत नाहीत, सेवेची वर्षं तेवढी पुढे जातात. ती अॅनेक्शर के या ट्रान्सफरच्या तपशिलाच्या कागदात दिसतात, तो उतरवून ठेवा.

ज्याला पैशाची खरोखर निकड आहे, त्याने पैसे फक्त १९ वर काढावेत आणि १०सी भरताना रकमेऐवजी योजना प्रमाणपत्र, म्हणजे झालेल्या सेवेच्या नोंदीचा दाखला, मागावं. पीएफ हातात येतो, पेन्शनची वर्षं शाबूत राहतात, पुढच्या नोकरीत ती जोडता येतात. हा मधला मार्ग मला २०१६ मध्ये कुणी सांगायला हवा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पूर्ण पीएफ काढण्यासाठीची थांबण्याची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिने आणि पेन्शनची रक्कम काढण्यासाठी छत्तीस महिने करायचं ठरवलं, तेव्हा अर्ज करण्याआधी चालू नियम पीएफच्या पोर्टलवर एकदा पाहून घ्या.

भाचा लागला तेव्हा त्याचा मूळ पगार चौदा हजार होता, म्हणून तो पेन्शन योजनेत आहे. पुढच्या नोकरीत बावीस तरी असेल. म्हणजे आजच्या मर्यादेप्रमाणे त्याने १०सीवर रक्कम घेतली, तर माझ्यासारखाच बाहेर राहील. हे ऐकून तो बराच वेळ गप्प होता. अजून त्याने काही ठरवलेलं नाही. काल मात्र पोर्टलवर जाऊन वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दुरुस्तीला टाकलं, पीएफ काढायचा असो की ट्रान्सफर करायचा, ते लागतंच.