हिवाळ्यात हॅमॉक: थंडी परवडली, ओल नको

आधी निकाल सांगून टाकतो, कारणं मागाहून. सह्याद्रीतल्या हिवाळ्यात हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांना बांधलेल्या कापडी झोळीत, मस्त झोप लागते. फक्त पैसे हॅमॉकवर कमी आणि त्याच्या खाली-वर जे लागतं त्यावर जास्त घालावे लागतात. डोकं मात्र सगळं ओलीसाठी खर्च करायचं. थंडीचा बंदोबस्त कपड्यांनी होतो. ओलीचा होत नाही.

दिवाळीनंतर सुरू केलं ते होळीपर्यंत वापरलं. भंडारदऱ्याचा परिसर, रतनवाडीची बाजू, ताम्हिणी, महाबळेश्वरच्या आसपास. माझा संच असा आहे: दुहेरी कापडाचा ११ फुटी नायलॉनचा हॅमॉक, झाडाला गुंडाळायचे पॉलिएस्टरचे इंचभर रुंद पट्टे, वरून छतासारखा ताणायचा ३ बाय ३ मीटरचा टार्प, म्हणजे पाणी अडवणारं कापड, आणि हॅमॉकच्या खालून लटकवायची अंडरक्विल्ट, म्हणजे भराव घातलेली रजई. ही शेवटची वस्तू आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाही आणि बाहेरून मागवली तर किंमत बघून घाम फुटतो. म्हणून जुनी सिंथेटिक स्लीपिंग बॅग उसवली, चारी कडांना नेफा घालून त्यात इलॅस्टिक ओवलं. काम गल्लीतल्या शिंप्याचं. त्याला हे नक्की कशासाठी हे शेवटपर्यंत पटलं नाही, पण शिवण नंबर एक आहे.

अंडरक्विल्ट कशाला, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. स्लीपिंग बॅग ऊब धरते ती आतल्या भरावात अडकलेल्या हवेच्या जोरावर. हॅमॉकमध्ये आडवं झालं की पाठीखालचा भराव दबून चपटा होतो आणि हवा निघून जाते. वरून पाठीखाली जमीन नाही, नुसता वारा. एप्रिलमध्ये हेच सुख असतं. पण पारा २० च्या खाली गेला की पाठ गार पडायला लागते, आणि ८-१० अंशांत तर रात्री दोन वाजता हुडहुडी भरून जाग येते. अंडरक्विल्ट बाहेरून लटकते, अंगाखाली दबत नाही, म्हणून फुगलेली राहते. ती नीट लावणं हीच खरी कसरत. सैल राहिली तर मधल्या फटीत गार हवा फिरते, फार ताणली तर चपटी होते. आत झोपून कमरेखाली बाहेरून हात फिरवायचा. कापड कापडाला टेकलेलं लागलं, पण ओढ जाणवली नाही, म्हणजे जमलं. डोक्याकडचं आणि पायाकडचं तोंड इलॅस्टिकने आवळलेलं हवं, नाहीतर वारा आरपार जातो.

कॅरीमॅट घालून भागत नाही का? भागतं, स्वस्तात भागतं. दुहेरी कापडाच्या मधे सरकवली तर जागची हलतही नाही. पण कॅरीमॅटच्या फोममधून वाफ जात नाही आणि आपण झोपेतही पाणी सोडत असतो. श्वास आणि कातडी मिळून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास. पाठीखालच्या वाफेला वाट मिळाली नाही की ती बनियनमध्येच मुरते. पहाटे कूस बदलली आणि त्या दमट पाठीला हवा लागली की जी शिरशिरी येते, ती थर्मामीटरवर दिसत नाही. अंडरक्विल्टमधून वाफ बाहेर पडते आणि बाहेरच्या गार कापडापाशी जाऊन तिचं पाणी होतं. सकाळी माझी अंडरक्विल्ट बाहेरून हाताला ओलसर लागते, आतून कोरडी. ती तशीच असायला हवी.

पिसांची घ्यावी की सिंथेटिक? वजनात पिसांना तोड नाही, घडीही एवढीशी होते. पण पिसं भिजली की गोळे होतात, आणि आपल्याकडच्या दमट रात्रींत मला ती जोखीम नको. सिंथेटिक भराव ओलसर झाला तरी बऱ्यापैकी फुगलेला राहतो. मोबदल्यात सॅक अर्धी भरते. चालतंय.

आता टार्प. इथे सविस्तर लिहितो, कारण ओलीचा खरा खेळ इथे आहे. दर हिवाळ्यात पेपरात वेण्णा लेकचा फोटो येतो: जीपच्या टपावर पांढरा थर, होड्यांच्या जेटीवर हिमकण. त्याच बातमीत महाबळेश्वरचं किमान तापमान मात्र शून्याच्या बरंच वर छापलेलं असतं. यात खोटं काही नाही. आभाळ निरभ्र असलं की टपाचा पत्रा रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतो. २० अंशांची हवा घनमीटरमागे साधारण १७ ग्रॅम वाफ धरू शकते, ५ अंशांची जेमतेम ७. गार पत्र्याला हवा टेकली की उरलेली वाफ तिथेच दव होऊन बसते, आणि फारच गार झाली तर गोठते. उघड्यावर बांधलेल्या टार्पचं नेमकं हेच होतं. तो हॅमॉकला आभाळापासून झाकतो हे चांगलं, पण स्वतः गारठून वरून दवाने भिजतो आणि खालून जमिनीच्या व श्वासाच्या वाफेने. मग वाऱ्याची एक झुळूक आली की खालच्या बाजूचे थेंब थेट तोंडावर.

उपाय दोन. टार्प फार खाली ओढून तंबूसारखा बंद करायचा नाही. वाऱ्याकडची बाजू खाली, दुसरी उचललेली. हवा खेळती राहिली की खालची बाजू कमी भिजते. अंगाला गारवा थोडा जास्त लागतो, तो पत्करायचा. दुसरा आणि जास्त कामाचा उपाय म्हणजे पानं असलेल्या झाडाखाली बांधणं. पानांचं छप्पर टार्पला आभाळापासून झाकतं, टार्प तेवढा गार पडत नाही आणि बऱ्याच रात्री जवळजवळ कोरडा राहतो. आंबा, जांभूळ ही झाडं हिवाळाभर हिरवी असतात. सागाची पानगळ जानेवारीपासून दिसायला लागते, सावर तर निष्पर्ण होऊन फुलायच्या तयारीत असते, शिवाय तिच्या खोडाला काटे. म्हणजे डिसेंबरात छान वाटलेली सागाची जागा फेब्रुवारीत उपयोगाची राहत नाही. धुक्याच्या रात्री मात्र उलटं होतं. पानं धुकं गोळा करतात आणि पहाटेपर्यंत टपटप चालू राहते. त्यामुळे आंब्याखाली असलो तरी टार्प लावतोच. आंब्यावर मुंगळे आहेत का ते उजेडात बघून घ्या, पुढचं सांगायला नको.

जागेचं गणित मला रतनवाडीकडच्या एका शेतकरी मामांनी शिकवलं. त्यांच्या रानात उतरायची परवानगी मागितली तेव्हा मी पाण्याच्या काठाची, फोटोत छान दिसणारी दोन झाडं हेरली होती. मामा म्हणाले, "तिथं नका बांधू दादा. रातीचं दहिवर समदं काठाला पडतं. वर आंब्याखाली या, तिथं कोरडं ऱ्हातं." वर म्हणजे फार नाही, उतारावर दोन बांध चढून. रात्री खिशातलं छोटं थर्मामीटर दोन्हीकडे लावून पाहिलं तर दोन-तीन अंशांचा फरक. गार हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत खोलगट जागेत साचते. पुण्याचा किंवा नाशिकचा पारा महाबळेश्वरपेक्षा खाली गेल्याची बातमी वाचून लोक चकित होतात, निफाडची थंडी तर प्रसिद्धच आहे, आणि त्यामागे बऱ्याच अंशी हेच कारण असतं. पाण्याचा काठ म्हणजे साचलेली गार हवा आणि वर भरपूर वाफ, म्हणजे पहाटे धुकं ठरलेलं. तंबूवाले मित्र काठालाच राहिले. सकाळी त्यांनी तंबू पिळायचाच काय तो बाकी ठेवला होता.

एक बारीक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. दव फक्त टार्पवर पडत नाही, टार्पच्या बाहेर राहिलेल्या पट्ट्यावरही पडतं. एका रात्री हेडटॉर्चच्या उजेडात हे नीट बघितलं. पट्ट्याच्या खालच्या कडेला थेंब धरतो, फुगतो, उताराने हळूहळू हॅमॉककडे सरकतो, वाटेत दुसऱ्या थेंबाला गिळतो, आणि गाठीपाशी पोचला की कापडात शिरतो. पावसात हे लगेच कळतं. दवात कळत नाही, कारण पहाटे फक्त डोक्याकडची बाजू ओली लागते आणि आपण श्वासाला दोष देतो. टार्पच्या आतल्या बाजूला, हॅमॉकच्या गाठीआधी, पट्ट्यावर बुटाची सुती नाडी बांधून लोंबती सोडा. थेंब नाडीवरून खाली टपकतो.

श्वासाचंही बघावं लागतंच. गार लागलं म्हणून पांघरुणात तोंड खुपसून झोपलं तर पहिला तासभर बरं वाटतं, नंतर गळ्यापाशी सगळं दमट. नाक बाहेर, डोक्याला कानटोपी, नाकावर पातळ बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी. हॅमॉकला जोडून आलेली मच्छरदाणी बारीक जाळीची आहे, तिच्यावरही श्वासाची वाफ बसते. डिसेंबर-जानेवारीत डोंगरात डास फारसे नसतात, तेव्हा ती मी गुंडाळून ठेवतो. हॅमॉकला पूर्ण झाकणारी वारारोधक खोळही मिळते. ती आपल्याकडे नको. मावसभाऊ मिनेसोटात राहतो, तो ती वापरतो. तिथे उणे तापमानात श्वासाची वाफ खोळीच्या आत हिमाच्या रूपात चिकटते, सकाळी झटकली की बरीचशी निघून जाते. आपली अडचण अशी की ५-७ अंशांत वाफेचं सरळ पाणी होतं. ते झटकता येत नाही, ते मुरतं. या बाबतीत त्याची थंडी आपल्यापेक्षा सोपी, असं मी त्याला म्हणतो आणि तो फोन ठेवतो.

अंगावर काय घ्यायचं यात माझं मत या हिवाळ्यात पालटलं. त्याच मामांनी मध्यरात्री टॉर्च घेऊन येऊन माझ्या स्लीपिंग बॅगवर घोंगडी टाकली. सकाळी पाहिलं तर लोकरीच्या प्रत्येक उभ्या केसाच्या टोकाला दवाचा मणी आणि बोटाने केस बाजूला केले तर खाली कोरडं. दोन माणसांनी दोन टोकं धरून झटकली की अर्धं पाणी हवेत. लोकर आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास वाफ शोषूनही ओली वाटत नाही. धनगर ती पावसापाण्यात उगाच वापरत नाहीत. वजनाला भारी आहे, पाठीवर घेऊन चढायची माझी तयारी नाही. पण गाडी जवळ असेल तर आता डिकीत घोंगडी असतेच.

चालून आल्यावर घामाचा टी-शर्ट बदलायचा, झोपायचे कपडे वेगळ्या पिशवीत कोरडे ठेवायचे, हे ट्रेकर मंडळींना सांगायची गरज नाही. सकाळची एक सवय मात्र लावून घ्या. टार्प गुंडाळण्याआधी सुती पंच्याने दोन्ही बाजूंनी पुसायचा. मायक्रोफायबरचे महागडे रुमाल मी वापरून सोडले, पंचा पिळला की पुन्हा तयार. अंडरक्विल्ट उलटी करून उन्हात टाकायची. आपलं नशीब असं की हिवाळ्यात नऊ-दहा वाजता कडक ऊन असतं आणि तासाभरात सगळं खडखडीत वाळतं. उन्हं यायच्या आधी निघायचं असेल तर ओली अंडरक्विल्ट सॅकच्या तळाला कोंबू नका, वर ठेवा आणि जेवायला थांबाल तिथे पसरा. लागोपाठच्या रात्रींत ओल साठत गेली की तिसऱ्या रात्री सिंथेटिकही हात टेकते.

तक्रारी आहेत. टार्पच्या मधल्या शिवणीवरची पट्टी जानेवारीतच सुटायला लागली. विकणाऱ्यांनी "वापरामुळे झालं" असं कळवून विषय संपवला. शेवटी सिलिकॉनचा लेप मीच दिला, तो टिकून आहे. कापड पॉलिएस्टरचं आहे याचं मात्र समाधान. आधी मित्राचा नायलॉनचा टार्प वापरून पाहिला होता. नायलॉन ओलं झालं की सैलावतं आणि मध्यरात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. लांबीही अपुरी आहे. ११ फुटी हॅमॉक योग्य झोळ देऊन बांधला की टोकापासून टोकापर्यंत साधारण २.८ मीटर भरतो. म्हणजे ३ मीटरच्या टार्पचा दोन्हीकडे वीतभरसुद्धा आडोसा उरत नाही. कर्णावर बांधला तर ४.२ मीटर मिळतात आणि टोकं छान झाकली जातात, पण मग कुशीच्या बाजू उघड्या पडतात. वारा नसेल तेव्हा कर्णावर, असेल तेव्हा सरळ, अशी तडजोड करतो.

ज्यांचे ट्रेक म्हणजे किल्ल्याचे माथे आणि कडे, त्यांनी याच्या नादी लागू नये. वर बांधायला झाडच नसतं, तिथे तंबू बरा. कळसूबाई-हरिश्चंद्रगडसारख्या अभयारण्यात रात्रीच्या मुक्कामाबद्दल वनखात्याकडे आधी विचारा. सोपं म्हणजे गावातल्या कोणाच्या तरी रानात, विचारून आणि जेवणाचे पैसे देऊन राहा. वाळकं झाड आणि वाळक्या फांद्यांखालची जागा टाळा, आणि वर आग्या मोहोळ नाही ना, ते मान वर करून बघा. पुढच्या हिवाळ्याआधी साडेतीन-पावणेचार मीटर लांबीचा टार्प घेणार आहे. बाकी संच आहे तोच ठेवणार, शिंप्याच्या अंडरक्विल्टसकट.