हर्णैजवळच्या काका-काकूंचा होमस्टे, तीन रात्री राहून आल्यावर

मार्चच्या शेवटी आईला घेऊन दापोलीकडे गेले होते, तीन रात्री राहिलो, त्याबद्दल लिहायचं कधीपासून राहून जातंय. बाबा गेल्या गणपतीत गेले, तेव्हापासून आई घराबाहेर पडायलाच तयार नव्हती, त्यामुळे मला स्विमिंग पूल, डीजे असलं काही नको होतं, शांत घरगुती जागा हवी होती. ऑफिसमधल्या मैत्रिणीने नंबर दिला. बोर्ड नाही, ऑनलाइन बुकिंग नाही, नाव टाकू नको असं त्यांनीच सांगितलंय म्हणून टाकत नाही. गावात आफ्रिकावाले काका-काकू म्हणून विचारलं की कोणीही घर दाखवतं.

दोघंही मराठी ख्रिश्चन. काकू नगरच्या, काकांचं आजोळ इकडचं. मिशनतर्फे १४ वर्षं आफ्रिकेतल्या मलावी देशात होते, तिथल्या मोठ्या तळ्याच्या काठी एका गावात. काकू नर्स, काका पोरांना सुतारकाम शिकवायचे. रिटायर होऊन इथे आले आणि मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. मावशीने निघताना फोन करून सांगितलं होतं, मिशनरी आहेत गं, जरा जपून. म्हणून स्पष्टच लिहिते, तीन दिवसांत आम्ही विचारल्याशिवाय धर्माबद्दल एक शब्द कोणी काढला नाही. संध्याकाळी दोघं अर्धा तास प्रार्थना करतात, तेव्हा आम्ही पडवीत बसायचो, आत बोलावलंही नाही आणि आमच्यामुळे त्यांनी त्यांचा नेम मोडलाही नाही, मला तर ते फार आवडलं.

घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, खोलीत पंखा आहे, एसी नाही, संध्याकाळी वारा सुटला की लागतही नाही. पडदे आणि उशांचे अभ्रे तिकडच्या चितेंजेचे, म्हणजे तिकडच्या बायका कमरेला गुंडाळतात आणि पोर पाठीला बांधतात ते छापील कापड.

जेवणाबद्दल किती लिहू. ओल्या काजूगरांची उसळ, तांदळाची भाकरी, संध्याकाळी बंदरावरच्या लिलावातून काकांनी आणलेली सुरमई, सोलकढी. पण दुसऱ्या दिवशी मी हट्टाने न्सिमा करायला लावला, तिकडचं रोजचं जेवण ते. पांढऱ्या मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घालून घोटत राहायचं, घट्ट होत जातं तसा हात भरून येतो, आणि घोटायला लाकडाची लांब पळी, होडीच्या वल्ह्यासारखी, तिला म्तिको म्हणतात. काकूंची म्तिको तिकडच्या शेजारणीने दिलेली, एका बाजूने झिजलीये, आणि आता काकू मोदकाची उकडही त्याच पळीने काढतात. सोबत दाण्याचं कूट घातलेली पालेभाजी, तीही तिकडच्यासारखीच, आपल्याला अजिबात परकी वाटत नाही, आणि सुकट. तिकडे तळ्यात उसिपा म्हणून बारीक मासे मिळतात, तेही असेच वाळवून ठेवतात. जेवायच्या आधी काकूंनी तांब्याने सगळ्यांच्या हातावर पाणी घातलं, तिकडे घरोघरी अशीच पद्धत आहे म्हणाल्या.

मी विचारलं, तुम्ही तिथे रोज नक्की करायचात काय? मला वाटलेलं मोठी मोठी भाषणं, शेकडो लोक. काकू म्हणाल्या, अगं चालायचे. सकाळी लहान मुलांची वजनं, त्याला तिकडे सिकेलो म्हणतात, आंब्याच्या फांदीला काटा टांगायचा, पोराला चड्डीसारख्या झोळीत अडकवून लटकवायचं, ते रडणार, बायका हसणार, आकडा कार्डावर लिहायचा. अगदी आपल्या अंगणवाडीसारखं. मग ज्या पोराचं वजन घटलंय त्याच्या घरी जायचं. जानेवारी ते मार्च सगळ्यात वाईट, आधीचा मका संपलेला असतो आणि शेतातला एप्रिलशिवाय हाताशी येत नाही. त्या महिन्यांत कोणाच्या घरी गेलं की आधी चुलीकडे बघायचं, राख गार आहे का गरम, विचारायची गरज पडायची नाही. शेजारचं पोर ताटली घेऊन यायचं, काकू त्यात काहीतरी घालायच्या, आणि रिकामं भांडं परत करू नये हे इकडचं वळण तिकडेही चाललं, त्यांच्याकडूनही कधी शेंगा, कधी भोपळ्याचा पाला यायचा. मलेरियासाठी मच्छरदाण्या वाटल्या तर काही घरांनी त्या मासे पकडायला आणि वाळवायला घेतल्या, काकू आधी खूप चिडल्या, मग म्हणाल्या पोराच्या पोटात आज काय घालायचं हे ज्या आईला कळत नाही तिला डासाचं काय सांगू.

काका कमी बोलतात, पण एकदा सुवर्णदुर्ग दाखवायला किनाऱ्यावर घेऊन गेले तिथे खुलले. स्कॉटिश मिशनरी १८२३ ला इकडे बाणकोटला आले, मग हर्णैला. जॉन विल्सन आणि त्यांची बायको मार्गारेट १८२९ ला मुंबईत उतरले ते मराठी शिकायला याच किनाऱ्यावर राहिले, पुढे मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ ला तिथेच वारल्या. आणि काका मलावीत पोचले तर तिथेही स्कॉटिशच आधी येऊन गेलेले, तिथल्या ब्लँटायर शहराचं नाव आफ्रिकाभर फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या स्कॉटलंडमधल्या जन्मगावावरून. लिव्हिंग्स्टन १८६४ ला बोटीने मुंबईला आला तेव्हा चुमा नावाच्या तिकडच्याच मुलाला त्याने विल्सनच्या शाळेत ठेवलं होतं, आणि लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारल्यावर त्याचा देह समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्यांत हाच चुमा होता. काका हे सांगताना पाण्याकडे बघत होते, मी जन्मभर रत्नागिरी जिल्ह्यात राहून मला यातलं काही माहीत नव्हतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. शेवटच्या संध्याकाळी काकू पडवीत विळी घेऊन ओले काजू फोडत होत्या. आई जाऊन शेजारी बसली. काकूंनी आधी खोबरेल तेलाची वाटी पुढे केली, चीक लागला तर हात उलतात म्हणून, आईने तेल चोपडलं आणि दोघी गर काढायला लागल्या. तास दीड तास, कोणी बोललं नाही. काकूंनी बाबांबद्दल विचारलं नाही, धीर धरा, देवाची इच्छा, आमच्याकडे येणारा प्रत्येकजण गेले सात महिने जे ऐकवतोय त्यातलं काही नाही. मग आईच बोलायला लागली, हॉस्पिटलमधल्या शेवटच्या रात्रीबद्दल, जे मलाही तिने सांगितलं नव्हतं. काकू गर काढत राहिल्या.

रात्री भांडी आवरताना मी काकूंना थँक्यू म्हटलं तर त्यांनी तिकडचं सांगितलं. पहिल्याच वर्षी शेजारी एक मूल गेलं. काकू बायबल घेऊन गेल्या आणि वाचायला सुरुवात केली. एका म्हातारीने हात धरून खाली बसवलं. तिकडे मर्तिकाच्या घरी बायका मक्याचं पीठ, लाकडं घेऊन येतात, चटईवर बसतात, रात्री तिथेच जमिनीवर झोपतात. काकू त्या रात्री तशाच बसल्या, भाषा धड येत नव्हती. "त्या म्हातारीने मला शिकवलं गं सगळं," एवढंच म्हणाल्या आणि कढई घासायला घेतली.

गैरसोयी पण सांगते. शेवटचा उतार तीव्र आणि अरुंद, मोठी गाडी वरच ठेवावी लागते, गुडघे दुखणाऱ्यांना त्रास होईल. नेटवर्क फक्त आंब्याखाली. गीझर नाही, बंबाचं पाणी, ते सकाळी सातच्या आत सांगावं लागतं. जेवण प्रार्थनेनंतर म्हणजे साडेआठला, लहान मुलं असतील तर आधी सांगून ठेवा, काकू पेज करून देतात. रविवारी सकाळी दोघं चर्चला जातात, चहाचा थर्मास आणि घावणे झाकून ठेवलेले असतात, आपलं आपण घ्यायचं. पैसे आजूबाजूच्या रिसॉर्टच्या निम्मेही नाहीत, जेवणाचे वेगळे. खेडला उतरलात तर दापोलीपर्यंत एसटी आहे, पुढे रिक्षा, काकांना फोन केला तर ते ओळखीची पाठवतात. मे महिना भरलाय म्हणाले. आईने परवा स्वतःच फोन करून दिवाळीनंतरची खोली सांगून ठेवली.