जुन्या जॅझच्या नव्या रेकॉर्ड : आठ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीत टर्नटेबल घेतलं. तेव्हापासून जॅझच्या चौदा रेकॉर्ड जमल्या. अल्बम सगळे १९५० आणि ६०च्या दशकांतले, छपाई मात्र अलीकडची. आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहतो, इमारत जुनी, घर तिसऱ्या मजल्यावर आणि खाली दिवसभर रिक्षांची वर्दळ. त्यामुळे ऐकणं होतं ते रात्री दहानंतरच. घेण्याआधी मी भेटेल त्याला विचारायचो, की नव्याने छापलेल्या रेकॉर्डचा आवाज खरंच चांगला असतो का? कोणी म्हणायचं, मूळ छपाईची सर कशालाच नाही. कोणी म्हणायचं, १८० ग्रॅम वजनाची जाड रेकॉर्ड घे, बाकी काही बघू नकोस. आता मी माझ्या कानांवर विसंबून सांगतो: रेकॉर्डवरची खाच, म्हणजे सुई जिच्यातून फिरते ती, कुठल्या टेपवरून कोरली आणि कोणी कोरली, हे आधी बघा. वजनाचं नंतर बघू.

हे मला पहिल्याच खरेदीत कळलं. सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीचा ‘समथिंग एल्स’ मी एका युरोपीय कंपनीचा घेतला होता. स्वस्त होता, वर ‘१८० ग्रॅम’ असा सोनेरी स्टिकर होता. आवाज मोठा आला, स्वच्छही आला, पण माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट आणि आर्ट ब्लेकीची झांज एकाच भिंतीला चिकटवल्यासारखी वाटायची. यामागे कायद्याचं कारण आहे. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी ५० वर्षांनी संपायचा. पुढे तो ७० वर्षांवर नेला, पण जे आधीच मुक्त झालं होतं ते मुक्तच राहिलं. त्यामुळे १९५८-५९ सालचे अल्बम तिथे कोणीही छापू शकतं, आणि मूळ टेप हातात नसल्याने अशा बऱ्याच रेकॉर्ड सीडीवरून बनतात. पाकिटावर ‘मूळ टेपवरून’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर मी आता ती रेकॉर्ड उचलत नाही.

महिनाभराने तोच अल्बम, तो मुळात काढणाऱ्या ब्लू नोट या अमेरिकी कंपनीच्या क्लासिक व्हायनिल मालिकेतला मिळाला. ‘ऑटम लीव्हज’मध्ये माइल्स म्यूट (ट्रम्पेटच्या तोंडाला लावायचं बूच) लावून वाजवायला लागतो तेव्हा त्याच्याभोवती मोकळी जागा ऐकू आली. सॅम जोन्सच्या बासची तार बोटाने ओढल्यावर आधी लाकूड घुमतं, मग स्वर भरतो, हा क्रम कळला. दोन रेकॉर्ड पाठोपाठ लावल्या तेव्हा बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “आता कोण वाजवतंय?” तिला जॅझची आवड नाही, पण ती गाणं शिकलेली आहे आणि तिचे कान माझ्यापेक्षा तयार आहेत.

या मालिकेच्या आणि ब्लू नोटच्याच त्याहून महाग टोन पोएट मालिकेच्या खाचा केव्हिन ग्रे हाच माणूस कोरतो. गाण्यांनंतरच्या मोकळ्या पट्टीवर उजेड तिरका धरला की ‘केपीजी’ ही त्याची खूण दिसते. टोन पोएट कॅलिफोर्नियात छापतात, क्लासिक मालिका जर्मनीत. टोन पोएटचं कव्हर जाड, दुमडीचं, आतले फोटो सुंदर, आणि मला ती जवळपास दीडपट किमतीला पडली. आवाजात तेवढा फरक मला जाणवला नाही. पैसे मोजकेच असतील तर दोन टोन पोएटऐवजी क्लासिक मालिकेच्या तीन रेकॉर्ड घ्याव्यात.

आता पियानोबद्दल, कारण याचा मी सर्वात जास्त विचार केला आहे. ब्लू नोटचे त्या काळातले बहुतेक अल्बम रूडी व्हॅन गेल्डरने ध्वनिमुद्रित केले. तो दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि न्यू जर्सीत हॅकनसॅकला आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. १९५९ साली त्याने एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. त्याच्याकडचे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन समोर बसून वाजवल्यासारखे येतात. पियानो मात्र मला कोंडलेला वाटतो, कपाटाचं दार लोटून आत वाजवावा तसा. आर्ट ब्लेकीच्या ‘मोनिन’वर पियानोवादक बॉबी टिमन्सचा हात काय सुरेख चालतो, पण वरच्या पट्टीतला झळाळ दबलेलाच राहतो. आधी माझी सुई बसवण्यात चूक असेल असं वाटलं, मग स्पीकर हलवून पाहिले. शेवटी कळलं की ते टेपवरच तसं आहे. टेपवर आहे ते प्रामाणिकपणे खाचेत उतरवणं इतकंच नव्या छपाईच्या हातात असतं. म्हणूनच गिटारवादक केनी बरेलचा ‘मिडनाइट ब्लू’ मला या सगळ्यांत उजवा वाटतो. १९६३चा हा अल्बम नव्या स्टुडिओतला, उंच लाकडी छताखालचा, आणि त्यात पियानोच नाही. गिटार, टेनर सॅक्सोफोन, बास, ड्रम आणि रे बरेटोचा कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल. कोंग्यावरची थाप ऐकताना मला डग्ग्यावर तळहात घासल्याचा भास होतो.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’ची टोन पोएट आवृत्ती मी मोनो घेतली, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. हे ध्वनिमुद्रण १९५७चं आहे आणि त्या दिवसांत व्हॅन गेल्डर मोनोमध्ये ऐकूनच तोल ठरवायचा. तीन फुंकवाद्यं एका जागी उभी राहून एकत्र वाजतात, तो दाब मोनोत अंगावर येतो.

माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची गोष्ट वेगळीच घडली. आमच्या तळमजल्यावरचे काका आयुष्यभर बोटीवर होते. १९७८ साली मुंबईच्या रंगभवनात झालेल्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात त्यांनी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सला ऐकलं आहे. त्यांच्याकडे या अल्बमची सत्तरच्या दशकातली अमेरिकी छपाई आहे. माझी नवी रेकॉर्ड पहिल्यांदा लावली तेव्हा ते आरामखुर्चीत बसले आणि दोन मिनिटांत म्हणाले, “अरे, तुझं मशीन हळू चालतंय. हे असं नाही वाजत.” मला धस्स झालं. दुसऱ्या दिवशी त्यांची रेकॉर्ड वर आणली आणि बायकोची पेटी काढली. पहिल्या बाजूवरचं ‘सो व्हॉट’ पांढरी दोनमध्ये आहे, मधे अर्धा स्वर चढून काळी दोनवर जातं. माझी नवी रेकॉर्ड पेटीशी बरोबर जुळली. काकांची पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी लटकत होती. रेकॉर्ड उलटली, ‘ऑल ब्लूज’ लावलं, तर तीच जुनी रेकॉर्ड पांढरी पाचला चपखल बसली. म्हणजे मशीनमध्ये दोष नव्हता.

कारण असं, की २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत, जे आधी चर्च होतं, मुख्य टेप मशीन थोडं मंद चालत होतं. मंद टेपवर घेतलेलं योग्य वेगाने वाजवलं की स्वर चढतो. त्या दिवशी झालेल्या तिन्ही रचना पहिल्या बाजूवर आहेत. दुसरी बाजू २२ एप्रिलला झाली, ती बरोबर आली. जोडीला चालू असलेल्या दुसऱ्या मशीनची टेप वेगाला अचूक होती. ती वापरून १९९२ साली दुरुस्ती झाली. तोपर्यंत तेहतीस वर्षं जगाने पहिली बाजू चढ्या स्वरात ऐकली. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पण माझ्या कानात तीच बसलीय रे.” मला ते पटलं. तरीही मूळ छपाई म्हणजे शेवटचा शब्द, असं जे ठामपणे म्हणतात त्यांनी हे एकदा पेटी घेऊन करून बघावं.

याच रेकॉर्डने मला सुई बदलायला लावली. पहिल्या बाजूच्या अगदी आत, लेबलजवळ ‘ब्लू इन ग्रीन’ आहे. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच सरकते, तर लेबलजवळ जेमतेम २१-२२. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. माझ्या ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ कार्ट्रिजला (सुई जिच्यात बसते ती डबी) लंबगोल टोकाची सुई होती आणि तिथे म्यूट लावलेला ट्रम्पेट रेती चाळल्यासारखा यायचा. मी छपाईला दोष देत होतो. त्याच कार्ट्रिजवर मायक्रोलाइन, म्हणजे आणखी बारीक कडेची सुई बसवली, भार दोन ग्रॅमवर ठेवला, कोन नीट जुळवला आणि रेती गेली. दोन नव्या रेकॉर्डच्या पैशांत सगळ्या चौदा सुधारल्या.

दोष असलेल्याही निघाल्या. एका पियानो त्रिकुटाच्या रेकॉर्डचं भोक मध्यावर नव्हतं, त्यामुळे लांबवलेला प्रत्येक स्वर हेलकावत होता. एक मे महिन्यात कुरियरने आली ती वाटीसारखी वाकलेली. दोन्ही परत केल्या. नव्या रेकॉर्डवरही धूळ आणि कागदाचे कण असतात, म्हणून पहिल्यांदा लावण्याआधी डिस्टिल्ड पाण्याने धुतो आणि कागदी पाकीट काढून प्लास्टिकचं अस्तर असलेलं घालतो. पावसाळ्यात ठाण्यात कव्हरला बुरशी धरते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलंय, आणि दर रविवारी दारं तासभर उघडी ठेवतो.

आणखी एक गोष्ट इथे राहणाऱ्यांसाठी. उन्हाळ्यात पंखा चालू ठेवून मी या रेकॉर्ड ऐकायचो आणि छपाई किती शांत आहे यावर मत बनवायचो. ते मत चुकीचं होतं. जूनमध्ये गारवा आला, पंखा बंद केला, तेव्हा कळलं की झांजेवरच्या ब्रशचा आवाज मी समजत होतो त्याहून कितीतरी लांबवर जातो.

परवा रात्री पियानोवादक बिल एव्हान्सचा ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ लावला, क्राफ्ट या कंपनीच्या ओजेसी मालिकेतला. २५ जून १९६१, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड हा जॅझ क्लब. इथला पियानो मोकळा आहे, आणि स्कॉट लफारोचा बास त्याच्या मागे मागे न चालता बरोबरीने बोलतो. अकरा दिवसांनी लफारो मोटार अपघातात गेला, वय २५. प्रेक्षकांतले ग्लास एकमेकांवर आपटतात, कोणीतरी हलकं हसतं. आमच्या खिडकीच्या पत्र्यावर पाऊस पडत होता. दुसरी बाजू लावायला मी उठलो तेव्हा काका दारात उभे होते.