एनएबीएच एंट्री लेव्हलचं 'तयार पॅकेज': मिरजेच्या ३० खाटांच्या हॉस्पिटलला परवडतं का?

एनएबीएच म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासून सर्टिफिकेट देणारं राष्ट्रीय मंडळ; एंट्री लेव्हल ही त्याची पहिली पायरी. ती मिळवून द्यायला कन्सल्टंट विकतात त्या पॅकेजमध्ये एसओपींचे (कोणतं काम कसं करायचं याच्या लेखी पद्धतींचे) गठ्ठे, भिंतीवरचे फलक, जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या-निळ्या डब्यांची मांडणी, दोन-तीन ट्रेनिंग आणि मॉक ऑडिट (सरावाची तपासणी) एवढं मिळतं. कामं वेळेत होतात. एसओपी मात्र बऱ्याचदा दुसरीकडून उचललेल्या. डायलिसिस नसलेल्या ठिकाणी डायलिसिसचं पान निघू शकतं, तेव्हा गठ्ठा चाळूनच सही करा.

कोटेशनात न दिसणारा खर्च सिस्टरांच्या वेळेचा. ३० खाटा भरलेल्या, तीन पाळ्या, रुग्णामागे पाळीला फक्त ५ मिनिटं जादा लिखाण धरा. दिवसाची ४५० मिनिटं झाली, म्हणजे साडेसात तास. एक अख्खी पाळी वह्यांत गेली! हे न धरता 'सर्टिफिकेटने दर वाढतात' म्हणणं अर्धवट आहे, आणि ते दर ज्यांच्यासाठी वाढतात ते सरकारी आरोग्य योजनेचे रुग्ण मोजकेच असतील तर वाढीव दराने भरून तरी काय निघणार?

खरी गडबड मोजमापात. 'हात धुण्याचं पालन ९५ टक्के' हा आकडा सिस्टरांनीच एकमेकींकडे बघून भरलेला असतो. कोणी बघतंय म्हटलं की सगळेच हात धुतात. त्यापेक्षा हँडरबची (हातांना चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाची) बिलं काढा. जागतिक आरोग्य संघटनेचा किमान निकष दर १,००० रुग्णदिवसांना २० लिटरचा. रोज २५ रुग्ण म्हणजे महिन्याला ७५० रुग्णदिवस, म्हणजे १५ लिटर. खरेदी ४ लिटरची असेल तर तो ९५ टक्का वहीतच राहिला.

जखमांचंही तेच. महिन्याच्या ६० ऑपरेशनांत चिघळलेल्या जखमा ४ वरून २ झाल्या की यश म्हणून दाखवतात. इतक्या लहान आकड्यांत तेवढा चढउतार आपोआपच होतो. आधीच्या वर्षाचे महिनेवार आकडे शेजारी मांडल्याशिवाय त्याला अर्थ नाही. शिवाय जत किंवा अथणीकडचा रुग्ण टाके गावातल्या डॉक्टरकडे काढतो. जखम दहाव्या दिवशी वाहिली तरी इथल्या रजिस्टरला पत्ता नसतो. म्हणून ३० व्या दिवशी फोन हवा, इम्प्लांट बसवलं असेल तर ९० दिवसांपर्यंत. फोन सुरू केल्यावर आकडा आधी वाढेल. त्याला घाबरून फोन बंद करू नका.

पॅकेजला माझे गुण पाचपैकी अडीच. घ्यायचंच असेल तर शेवटचा हप्ता सर्टिफिकेटवर न ठेवता सहा महिन्यांच्या हँडरबच्या बिलांवर आणि फोनच्या रजिस्टरवर ठेवा.