घरी येणाऱ्या सिस्टर : सव्वा वर्षाचा अनुभव

अर्धांगवायूनंतर आमची ही सव्वा वर्ष अंथरुणावर आहे. उजवी बाजू गेली, गिळता येत नाही म्हणून नाकात नळी, शिवाय लघवीसाठी कॅथेटरची नळी. साताऱ्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. दवाखान्यात न्यायचं तर खुर्ची आणि चार माणसं लागतात. म्हणून एका ट्रस्टची घरपोच नर्सिंग सेवा लावली. दर मंगळवारी सिस्टर येतात, भेटीचे साडेतीनशे रुपये.

पहिल्याच दिवशी त्यांनी हिला कुशीवर वळवलं तर माकडहाडापाशी लाल डाग. मला वाटलं, चादरीचा वळ असेल. त्यांनी बोटाने दाबून दाखवलं. "काका, दाबल्यावर पांढरं पडायला हवं. हे लालच राहतंय. बेडसोरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे ही." मी तोवर तिथे रोज पावडर लावून चोळत होतो आणि खाली हवेची रिंग ठेवत होतो. दोन्ही बंद करायला लावलं. चोळून आतली कातडी आणखी दुखावते, रिंगच्या कडेने मधला रक्तपुरवठा अडतो. हॉस्पिटलमधून सोडताना यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नव्हतं.

मग म्हणाल्या, "काकूंचं एखादं जुनं सुती पातळ आहे का?" ते चौपदरी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंथरलं. पलीकडची कड धरून आपल्याकडे ओढली की माणूस अलगद कुशीवर येतं. माझी कंबर वाचली. दिवसा दर दोन तासांनी कूस बदलतो, पोटऱ्यांखाली उशी देतो, टाचा गादीला टेकू देत नाही. तीन आठवड्यांत डाग गेला. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

नळीतून पेज द्यायचंही त्यांनी माझ्याच हातून करून घेतलं: उशाकडची बाजू उंच, गाळलेली कोमट पेज सावकाश, शेवटी पाणी, आणि तासभर आडवं करायचं नाही. एकदा निघताना त्यांनी माझंच बीपी मोजलं. 170/100. त्या आठवड्यात मी डॉक्टरकडे गेलो नसतो, तर हिचं कोण करणार होतं?

तक्रार आहे ती ऑफिसबद्दल. पत्रकावर "24 तास" छापलंय. एका शनिवारी रात्री कॅथेटर तुंबलं, पोट टम्म फुगलं, ही कळवळत होती. चार वेळा फोन केला, कुणी उचलला नाही. शेवटी 108 बोलावली, शेजारच्या मुलांनी खुर्ची धरून खाली नेलं. शिवाय न कळवता सिस्टर बदलतात. अनोळखी हात लागला की ही अंग आखडून घेते.

केरळात 2008 पासून अशा घरपोच शुश्रूषेसाठी सरकारी धोरण आहे, नर्स घरोघरी जाते. आपल्याकडे ज्याचं त्याने शोधायचं. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या 14567 या नंबरवर विचारा, फोन फुकट आहे.

सेवा जरूर लावा, सिस्टरांच्या हाताला गुण आहे. फक्त रात्रीसाठी जवळच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. मी आता कॅथेटर बदलल्याची तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहितो आणि त्याखाली त्या डॉक्टरांचा नंबर.