पायथनचे झोनइन्फो : दीड वर्षाच्या वापरानंतरचा अभिप्राय

झोनइन्फो हे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील, वेगवेगळ्या ठिकाणांच्या वेळा हाताळणारे मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा भाग. आम्ही पुण्यातल्या खराडीतील ज्या कार्यालयासाठी शिफ्टचे रोस्टर आणि कॅबचे वेळापत्रक आखणारी प्रणाली सांभाळतो, तिथली माणसे पुण्यात आणि ग्राहक न्यूयॉर्कमध्ये आहेत. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि त्यांच्या उन्हाळी वेळेत साडेसहा वाजलेले असतात. त्यामुळे ऑफसेटची, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनच्या फरकाची, चूक आमच्याकडे लॉगमध्ये दिसण्याआधी सोसायटीच्या फाटकाशी दिसते.

आमची पहिली चूक तशीच दिसली. कोथरूडला राहणाऱ्या एका सहकाऱ्याची कॅब साडेपाचऐवजी पाच वाजून सात मिनिटांनी येऊन उभी राहिली आणि हे रोज घडू लागले. एक तासाचा फरक असता तर डेलाइट सेव्हिंगवर (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्यावर) संशय गेला असता, अर्ध्या तासाचा असता तर भारतीय वेळेवर. हा नेमका २३ मिनिटांचा फरक मात्र कुणालाच उलगडेना. त्या वेळी आम्ही पायटीझेड ही जुनी लायब्ररी वापरत होतो आणि 'एशिया/कोलकाता' हा झोन डेटटाइम या पायथनच्या तारीख-वेळेच्या प्रकाराच्या कन्स्ट्रक्टरला, म्हणजे नवी वेळ तयार करणाऱ्या कोडला, थेट देत होतो. टाइम झोनच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक ठिकाणाच्या घड्याळाचा इतिहास असतो. कोलकात्याची पहिली नोंद तिथल्या स्थानिक सूर्यवेळेची, म्हणजे ५ तास ५३ मिनिटे २८ सेकंदांची आहे. पुढे मद्रासची वेळ येते आणि १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तास. वेळेला झोन जोडणारी लोकलाइझ ही मेथड न वापरता झोन दिला की पायटीझेड ती पहिलीच नोंद उचलते, सेकंद सोडून ५:५३ असा ऑफसेट लावते, आणि पुण्यातली कॅब एकोणिसाव्या शतकातील कलकत्त्याच्या सूर्याप्रमाणे धावते. लायब्ररीच्या दस्तऐवजात ही सूचना स्पष्ट लिहिलेली आहे. ती न वाचण्याचा दोष आमचा.

झोनइन्फो हे मॉड्यूल ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या पायथन ३.९ पासून भाषेसोबतच मिळते. त्याचा सर्वांत मोठा गुण असा की झोन कन्स्ट्रक्टरला थेट देता येतो आणि ऑफसेट त्या त्या तारखेप्रमाणे काढला जातो. मी मुद्दाम १९४४ सालची तारीख देऊन पाहिली, तर साडेसहा तासांचा ऑफसेट मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातली घड्याळे एक तास पुढे होती, ही गोष्ट जुन्या पत्रिका मांडणाऱ्या ज्योतिषांना पक्की ठाऊक असते; आम्हा प्रोग्रामरांना ती लायब्ररीकडून कळली. ऑफसेट हा एका क्षणापुरता आकडा असतो आणि झोन म्हणजे नियमांचा इतिहास, हा भेद या मॉड्यूलच्या रचनेतच उतरला आहे. न्यूयॉर्कसाठी 'उणे पाच तास' असा आकडा डेटाबेसमध्ये साठवून मार्च महिन्यात पस्तावणाऱ्यांना त्याचे मोल कळेल.

तक्रारी दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. ९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कची घड्याळे पहाटे दोनवरून थेट तीनवर गेली, म्हणजे अडीच ही वेळ त्या दिवशी झालीच नाही. तरीही झोनइन्फो ती मुकाट्याने स्वीकारते. पायटीझेडला योग्य तो पर्याय दिला तर ती अशा वेळी एरर देत असे, हे श्रेय जुन्या लायब्ररीला द्यायलाच हवे. आता आम्ही आलेली वेळ यूटीसीत नेऊन परत आणतो आणि ती मूळ वेळेशी जुळली नाही तर नाकारतो. नोव्हेंबरमध्ये घड्याळे तासभर मागे गेल्यावर दोनदा येणाऱ्या दीडसाठी फोल्ड हा गुणधर्म आहे, पण तो दिला नाही तर न विचारता पहिला दीड धरला जातो.

दुसरी तक्रार वजाबाकीची. १ नोव्हेंबर २०२५ च्या शनिवारी न्यूयॉर्कच्या रात्री दहाला सुरू झालेली पाळी रविवारी सकाळी सहाला संपली. त्याच रात्री घड्याळे तासभर मागे गेल्यामुळे आमच्या माणसांनी पुण्यात सकाळी साडेसात ते दुपारी साडेचार असे नऊ तास काम केले, परंतु पायथनचे उत्तर आठ आले. दोन्ही वेळांचा झोन एकच असेल तर पायथन ऑफसेट न पाहता केवळ भिंतीवरच्या घड्याळांची वजाबाकी करते. हा नियम डेटटाइमचा आहे, झोनइन्फोचा नव्हे. तथापि ज्याचा ओव्हरटाइमचा एक तास बुडाला त्याला हा फरक समजावून सांगणे अवघड जाते. दोन्ही वेळा आधी यूटीसीत नेल्या की नऊ मिळतात. भारतात सध्या घड्याळ पुढेमागे होत नसल्यामुळे भारतीय वेळेवर लिहिलेल्या आमच्या सगळ्या चाचण्या मात्र पास होत होत्या.

विंडोजवर टाइम झोनचा डेटाबेस 'टीझेडडेटा' या नावाने वेगळा बसवावा लागतो, एवढे लक्षात ठेवावे. मी या मॉड्यूलला पाचपैकी चार गुण देईन. एक गुण त्या मुकाट्याने स्वीकारलेल्या अडीचसाठी कापला आहे.

जुना कोड बदलणाऱ्यांसाठी एक सोय नकळत झाली आहे. झोनइन्फोमध्ये लोकलाइझ ही मेथडच नसल्याने जुन्या ओळी एरर देऊन स्वतःच सापडतात, आणि ज्या ओळींत ती लिहायची राहून गेली होती, त्या झोन बदलताच बरोबर चालू लागतात. आमच्याकडे अशा अकरा ओळी निघाल्या. कोथरूडची कॅब त्यांपैकी एकीत होती.